समोरून उघडणारा कोट

हे घडलं ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती आणि घरात माझं नाव ‘बाहुल्यांची शिंपीण’ असं पडलं होतं. नाव दिरांनी ठेवलं होतं, भर जेवणाच्या टेबलावर, आल्यागेल्यांसमोर. सगळे पोट धरून हसले. माझे यजमानही हसले. ते स्वतः आगपेट्यांवरची चित्रं जमवायचे. दीर नदीकाठी गळ टाकून दिवसचे दिवस बसायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने घरी यायचे. पण ते छंद, आणि आमचं मात्र खूळ! इतकी वर्षं झाली, ते दोघेही गेले, माझी चीड काही गेलेली नाही.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या जावेचं. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. धाकटी बाहुल्या जमवायची. पोरींनी खेळून मोडायच्या त्या नव्हेत, काचेच्या कपाटात ठेवायच्या, जाणकार लोक शोधत फिरतात त्या. माहेरून हिने दागिन्यांपेक्षा बाहुल्याच जास्त आणल्या, असं सासूबाई म्हणायच्या. मला शिवणाची आवड. तिच्या एका बाहुलीचा कुजलेला झगा मी नवा शिवून दिला आणि तिथून आमचं सूत जमलं. वर्षातून एकदा आम्ही दोघी एक बाहुली घेऊन प्रवासाला निघायचो. शिवायची मी, फोटो काढायची ती. बाहुली पुलाच्या कठड्यावर, बाहुली स्टेशनच्या बाकावर, बाहुली चहाच्या किटलीला टेकून. लोक थांबून बघायचे. धाकटी त्यांना म्हणायची, “सरका हो जरा, मॅडमवर सावली पडतेय.”

मॅडम ही तिच्या संग्रहातली सर्वांत जुनी बाहुली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी उंच. डोकं, हात आणि पाय चिनी मातीचे, धड कापडाचं. हनुवटी जरा वर, एखाद्या कचेरीतल्या वरिष्ठ बाईसारखी, म्हणून मॅडम. तिचे हात खांद्यातून सरळ खाली यायचे आणि कोपरात वाकायचे नाहीत. अशा बाहुलीला डोक्यावरून कपडा घालता येत नाही. म्हणून तिचे झगे पाठीवर मानेपासून घेरापर्यंत उघडे ठेवायचे, समोरून हात घालायचे आणि मागे टिचबटणं लावायची. बाहुल्यांसाठी शिवणारी कोणीही असंच शिवते.

आमचा आणखी एक नियम होता. कापड घरून न्यायचं नाही. ज्या गावी जाऊ तिथल्या शिंप्याकडून कतरण मागून घ्यायची, खोलीच्या खिडकीशी बसून झगा शिवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात तो घालून मॅडमचे फोटो काढायचे. गाव अंगावर घातल्याशिवाय गावाचा फोटो येत नाही, असं धाकटीचं म्हणणं.

त्या वर्षी आम्ही तळ्याकाठच्या एका गावी गेलो. हंगाम संपला होता. भाड्याच्या होड्या किनाऱ्यावर पालथ्या घालून ठेवल्या होत्या. आमचं गेस्ट हाउस अगदी पाण्याला लागून, दुमजली. खाली काचांची लांबलचक जेवणाची खोली, फरशीला मेणाचा वास, आणि प्रत्येक टेबलावरच्या कपांचे कान एकाच दिशेला वळवलेले. मालक मऊ आवाजाचा, नखं नीट कापलेला गृहस्थ. बोलता बोलता तो टेबलावरचा चमचा सरळ करायचा, खुर्ची बोटभर सरकवायचा, माझी छत्रीसुद्धा त्याने दोनदा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

धाकटीच्या कडेवरच्या मॅडमकडे तो बराच वेळ बघत राहिला.

“कपडे कोण शिवतं हिचे?”

“आमच्या जाऊबाई,” धाकटी म्हणाली.

“सुरेख आहेत,” तो म्हणाला. हसला नाही, चेष्टा केली नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या गंभीरपणे तोवर मला कोणी विचारलं नव्हतं.

शिंप्याचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. शिंपी तिरसट. “बाहुलीला?” असं विचारून त्याने कतरणीचं पोतं माझ्याकडे पायाने ढकललं. त्यात मला तपकिरी चौकटीचा एक तुकडा सापडला. नखाएवढ्या चौकटी, सुती, छान. पण तुकडा अपुरा पडला. डाव्या काखेखाली मला हिरव्या कापडाचा त्रिकोणी जोड द्यावा लागला. हात खाली असला की तो जोड दिसत नसे. संध्याकाळपर्यंत झगा झाला. मॅडमला घातला, तिला खोलीतल्या फळीवर बसवलं आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी न्याहारीला खाली आलो, तर जेवणाच्या खोलीत खिडकीजवळ एक बाई बसली होती. मालकाची बायको. आदल्या दिवशी आम्ही तिला पाहिलं नव्हतं. वय माझ्याएवढंच असावं. केस नीट विंचरलेले, हनुवटी जरा वर, दोन्ही हात मांडीच्या दोन बाजूंना सरळ सोडलेले.

अंगावर तपकिरी चौकटीचा झगा.

“जाऊबाई,” धाकटी कुजबुजली, “तुमची फॅशन पसरली की!”

मीही हसले. म्हटलं, शिंपी एकच, थान एकच, बाईंनी झगा शिवून घेतला, उरलेला तुकडा पोत्यात गेला. यात काय नवल? पावाला लोणी लावता लावता मी सहज चौकटी मोजल्या. मॅडमच्या छातीवर आडव्या चार चौकटी बसल्या होत्या. बाईंच्या छातीवरही चारच. एकेक चौकट तळहाताएवढी.

एकाच थानातलं कापड असतं, तर त्यांच्या छातीवर वीस तरी चौकटी यायला हव्या होत्या.

मालक आला. बायकोच्या तोंडावर ऊन नीट पडावं म्हणून त्याने तिची खुर्ची फिरवली. फिरवताना तिचा डावा हात दंडाला धरून उचलला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. काखेत हिरवा त्रिकोण होता. खुर्चीच्या पाठीच्या दांड्यांमधून झग्याची मानेपासून खालपर्यंतची फट दिसत होती. ती टिचबटणांनी बंद केलेली होती, आणि ती टिचबटणं बाटलीच्या बुचाएवढी होती.

मला भीती वाटली नाही. मला संताप आला. माझा जोड! कापड कमी पडलं म्हणून नाइलाजाने दिलेला, लपवलेला जोड. आमच्या खोलीत शिरून, माझा कपडा उलटसुलट बघून, कोणीतरी माझ्या उणेपणाची नक्कल केली होती. बाहुलीसारखा झगा बायकोला घालून ही माणसं आमची टिंगल करत होती, असंच मला वाटलं. टिंगल म्हणजे काय हे मला घरच्या अनुभवाने चांगलंच माहीत होतं.

मी तडक रस्ता ओलांडला.

“काल मी नेलेल्या कापडाचा झगा समोरच्या बाईंना तुम्ही शिवलात?”

“काल तुम्ही नेलंत ना ते कापड?” शिंपी म्हणाला. “मग मी कशातून शिवू? वाऱ्यातून?”

“मग नक्कल केलीत माझी.”

त्याने कात्री खाली ठेवली. “बाई, तुम्ही बाहुलीचे कपडे शिवता. आणि मी तुमची नक्कल करू?”

“बाहुलीचे असले म्हणून काय झालं? तुमच्या त्या टांगलेल्या सदऱ्यापेक्षा खांद्यात बरा बसतो माझा कपडा.”

त्याने मागे वळून सदऱ्याकडे पाहिलं. खांद्यात खरंच चूक होती. तो जरा नरमला. मी त्याला तळहात दाखवून चौकट केवढी ते सांगितलं.

“एवढी? अशी चौकट कोणती गिरणी विणते? सतरंजीवर असते तेवढी.”

“आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत उघडा.”

आता त्याचा चेहरा बदलला. “तसलं मी शिवत नाही. हात वाकत नाहीत त्यांना घालतात ते. फार आजारी असलं माणूस, किंवा...” तो थांबला. कात्री उचलून पुन्हा ठेवली. “त्या घरातल्या बाईंचं माप मी कधी घेतलेलं नाही. इतकी वर्षं समोर बसतोय, त्यांना उभं असलेलं मी पाहिलेलं नाही.”

जाताना त्याने न मागता निळ्या कापडाचा एक तुकडा हातात दिला. भांडण मिटवायची त्याची ती रीत असावी.

त्या दिवशी मी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. निळा झगा शिवायला घेतला. धाकटी मॅडमचे चौकटीच्या झग्यातले फोटो काढायला होड्यांकडे गेली आणि तासाभरात परत आली. म्हणाली, “आज हात चालत नाहीये. खालच्या खिडकीतून ती बाई बघत बसते. बघते म्हणजे, तोंड इकडे असतं.”

निळ्या झग्याची डावी बाही मला पटेना. उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उसवली. शेवटी उजेड गेला तेव्हा पांढऱ्या दोऱ्याचे चार लांब कच्चे टाके घालून बाही नुसती अडकवून ठेवली. म्हटलं, सकाळी बघू. धाकटी म्हणाली, “मॅडमला उघडी नका ठेवू,” म्हणून तसाच अर्धवट झगा तिला घातला. दाराला कडी घातली आणि कडीला माझी सुटकेस टेकवली.

सकाळी सुटकेस जागच्या जागी होती. मॅडम फळीवर होती. आम्ही खाली गेलो.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर निळा झगा. डावी बाही खांद्याला पांढऱ्या दोऱ्याने अडकवलेली, चार टाक्यांनी. एकेक टाका बोटाच्या दोन पेरांएवढा, दोरा सुतळीसारखा जाड.

धाकटी हसली नाही.

नक्कल करणारा माणूस कपड्याची नक्कल करतो. कच्च्या टाक्यांची नक्कल कोण करतं? शिवणारी बाई ते उसवून फेकून देणार असते. ही नक्कल नव्हती. तो माझाच झगा होता.

मी भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हते, आजही नाही. मला कारण सांगा म्हणाल तर ते माझ्याकडे नाही. पण डोळ्यांसमोर जे बसलं आहे, ते नाही कसं म्हणायचं? आणि त्या बाहीतून बाईंचा खांदा उघडा पडला होता. लोकांच्या जेवणाच्या खोलीत. माझ्या रागाची दिशाच बदलली.

मी मालकाला गाठलं. तो पलीकडच्या टेबलावर कप लावत होता.

“तुमच्या मंडळींची बाही निघतेय. तुम्हाला दिसत नाही?”

“तुम्ही अजून पुरी केली नाहीत ना,” तो म्हणाला. अगदी सौम्यपणे.

“आम्ही यायच्या आधी त्या काय घालायच्या?”

“आधी ती वर असायची.” त्याने एका कपाचा कान वळवला. “खाली आणण्यासारखं काही नव्हतं. आता बघा, खोलीला कशी शोभा आलीय. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, किती शांत आहेत हो तुमच्या मिसेस.”

“त्यांना विचारलंत कधी, त्यांना काय आवडतं?”

“तिला?” तो खरंच गोंधळला. मग म्हणाला, “तुम्ही अजून राहा ना. दोघीही राहा. खिडकीची खोली देतो, उजेड चांगला आहे. आता एक पांढरा शिवा, लेस लावून. बसलेलं छान दिसेल असा. बुटांचं काही नाही, पाय टेबलाखाली असतात.”

बसलेलं छान दिसेल असा! मी आयुष्यात बऱ्याच पुरुषांचं बरंच ऐकून घेतलं आहे. पण त्या वाक्याने माझं डोकं असं तापलं की हातातली बशी खाली ठेवताना तिचा टवका उडाला. तो लगेच वाकून टवका शोधू लागला.

थोड्या वेळाने तो सामान उतरवून घ्यायला धक्क्यावर गेला. मी बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले. धाकटी दाराशी उभी राहिली. मी पर्समधून सुई-दोरा काढला आणि त्यांच्या खांद्याची बाही नीट शिवायला घेतली. जवळून कापडाची वीण टोपलीच्या विणीसारखी दिसत होती. माझी सुई दोऱ्यांमधल्या भोकांतून नुसती आरपार जायची. बाहीला काही टाका बसेना.

“तुम्हाला काही हवंय का?” मी विचारलं.

त्यांचे डोळे हलले. बाकी काही हलत नव्हतं. आधी त्यांनी माझ्या सुईकडे पाहिलं, मग दाराकडे.

“बाहेर जायला माझ्याकडे काही नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज अगदी साधा होता. कोणाकडे आमंत्रण असलं की आपण कपाटासमोर उभ्या राहून म्हणतो ना, तसा.

मालकाची पावलं ऐकू आली. मी उठले. वर खोलीत जाऊन धाकटीला म्हटलं, “शिंप्याकडून लोकरीचं जाड कापड आण. कोट शिवायचाय.”

“मॅडमला?”

मी खाली, जेवणाच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती लगेच निघाली. शिंप्याच्या पोत्यात लोकरीची कतरण नव्हती. धाकटीने कोणासाठी ते सांगितलं असावं, कारण त्याने थानातूनच करड्या लोकरीचा हातभर तुकडा कापून दिला, आणि अस्तराला काळं सॅटिन.

तो कोट मी दिवसभर शिवला. त्याच्याएवढं चांगलं मी त्याआधी काही शिवलं नव्हतं आणि नंतरही नाही. समोरून उघडणारा. खरी काजं, खरी बटणं, टिचबटण एकही नाही. आपलं आपल्याला घालता येईल, आपलं आपल्याला काढता येईल असा. दोन्ही बाजूंना खिसे, हात आत जाईल एवढे खोल. कॉलर वर करता येईल अशी. धाकटीने आपला चामड्याचा हातमोजा कात्रीने कापला. तिच्या आईने दिलेली जोडी होती ती. त्यातून मी बूट शिवले, जाड तळव्यांचे, चालायचे.

“लेस?” धाकटी म्हणाली. “लेस लावायची म्हणत होता ना तो?”

“लावते त्याच्या नाकाला,” मी म्हटलं. त्या दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

समोरून उघडणारा कपडा सरळ हातांच्या बाहुलीला चढवणं म्हणजे दिव्य असतं. एक बाही चढवली की दुसरी मागे राहते, हात मागे वळत नाही. मी बाह्यांचे मुंढे मोठे ठेवले होते, तरी आम्ही दोघी घामाघूम झालो. मॅडमचा एक हात तुटेल की काय असं वाटलं. शेवटी कोट बसला. मी सगळी बटणं लावली, बूट घातले आणि मॅडमला प्रथमच फळीवर बसवलं नाही. उभी केली, भिंतीला टेकवून. तोंड दाराकडे.

सकाळी खाली आरडाओरडा चालला होता म्हणून आम्ही जाग्या झालो.

जेवणाच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. निळा झगा खुर्चीवर पडला होता. घडी केलेला नव्हता. घाईत काढून टाकावा तसा पडला होता. समोरचं दार सताड उघडं होतं आणि थंड वाऱ्याने टेबलक्लॉथ उडत होते. मालक गुडघ्यांवर बसून टेबलांखाली शोधत होता. एकेका टेबलाखाली, जणू बायको तिथे घरंगळत गेली असावी.

आम्हाला बघून तो उठला. त्याचा मऊ आवाज पार गेला होता.

“काय शिवलंत तुम्ही?”

“कोट,” मी म्हणाले.

“कसला कोट?”

“समोरून उघडणारा.”

त्याने धाकटीकडे पाहिलं. मॅडम तिच्या कडेवर होती. सामान बांधून आम्ही निघायच्या तयारीनेच उतरलो होतो.

“काढा तो,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता काढा तिच्या अंगावरून.”

“हात लावून दाखवा,” धाकटी म्हणाली. माझी हसरी, बडबडी धाकटी. तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

तो झेपावला.

त्याच्या हातात कोटाची कड आली. धाकटी मागे सरली. मी छत्रीने त्याच्या मनगटावर मारलं, जोर लावून मारलं.

एक बटण तुटलं. फरशीवर पडून लांब घरंगळत गेलं.

तो बटणामागे धावला. सवयीने. जमिनीवर काही पडलेलं त्याला बघवत नसे.

आम्ही दारातून बाहेर पडलो.

बस तळ्याच्या काठाकाठाने जाते. गावाबाहेरच्या वळणावर धाकटीने माझा दंड घट्ट धरला. रस्त्याच्या कडेने एक बाई चालत होती. करडा कोट, कॉलर वर केलेली, जाड तळव्यांचे बूट. अडखळत होती, पण चालत होती. कोटाचं एक बटण नव्हतं. तिथे थंडी शिरू नये म्हणून तिने एका हाताने दोन्ही कडा छातीशी धरून ठेवल्या होत्या. कोपरात वाकवलेल्या हाताने.

बस पुढे गेली. तिने वर पाहिलं नाही. धाकटीचा कॅमेरा गळ्यात होता. तिने तो उचलला नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. खूप वर्षांनी धाकटी त्या गावावरून गेली, तेव्हा गेस्ट हाउस दुसऱ्या कोणी घेतलं होतं. मालक बरीच वर्षं लोकांना बायको माहेरी गेलीय असं सांगत असे. मग तो एका वृद्धाश्रमात गेला आणि तिथे, म्हणे, सगळ्यांच्या चपला ओळीने लावत बसायचा. तिथेच वारला. शिंपी दुकान विकून मुलाकडे राहायला गेला. धाकटीला जाऊन आठ वर्षं झाली. शेवटपर्यंत ती फोटो काढत होती. चौकटीच्या झग्यातले तिने तळ्याकाठी काढलेले फोटो मात्र तिने कुठल्याही प्रदर्शनात मांडले नाहीत. ते कुठे आहेत मला माहीत नाही.

त्या बाईंचं काय झालं, मला माहीत नाही. आम्हाला त्या पुन्हा दिसल्या नाहीत. आम्ही शोधलंही नाही. बाहेर पडलेल्या माणसाला शोधायचं कशाला?

पण त्यांच्या अंगावर एकच कोट होता, आणि ऋतू बदलतात. घरी आल्या आल्या मी नवं बटण शिवलं. मग उन्हाळ्यात सुती झगा शिवला, समोरून उघडणारा. मग पावसाळी कोट, मोजे, रात्रीचा गाउन, टोपी. गेल्या कित्येक वर्षांत एक ऋतू मी चुकवलेला नाही. यजमान म्हणायचे, “अगं, बाहुलीला काय थंडी वाजतेय?” मी शिवत राहायची. ज्यांनी आयुष्यात कोणाला काही शिवून दिलं नाही, त्यांना काय सांगणार?

आता माझी नजर अधू झाली आहे. सुई ओवायला धाकटीची लेक येते, माझी पुतणी. गुणी मुलगी आहे, पण आईसारखी नाही. तिला सगळं स्वच्छ लागतं. परवा मी दवाखान्यात होते. घरी आले तर कपाटात मॅडम जागेवर नव्हती.

“मोठीआई, मी तिचे सगळे कपडे धुवायला काढले,” ती म्हणाली. “किती धूळ होती! वाळायला वेळ लागतोय, ऊनच नाही.”

“आणि ती?”

“खालच्या खणात ठेवलीय.”

“अशीच? उघडी?”

“अगं, बाहुली आहे ती!”

मी तिला नको नको ते बोलले. ह्या थंडीत! खिडकीवर दव जमतंय, तू स्वतः दोन स्वेटर घालून बसलीयेस, आणि तिला दोन दिवस उघडी ठेवलीस? पोर रडवेली झाली. मला पर्वा नव्हती. मी खण ओढला, मॅडमला बाहेर काढलं, माझी शाल तिच्याभोवती गुंडाळायला घेतली.

शाल गुंडाळताना माझं बोट तिच्या दंडावरून गेलं. चिनी मातीचा दंड. इतकी वर्षं तो माझ्या हाताखालून गेलाय, बशीसारखा गुळगुळीत.

दंडावर काटा आला होता.